पुलावरची पाळी

पोलीस ठाण्यात मी हजेरी कारकून आहे. कुठल्या शिपायाने कुठे, किती वेळ उभं राहायचं, ते मी रोज सकाळी तक्त्यावर लिहितो. अठरा वर्षांत माझ्यामुळे एकही चौक रिकामा राहिलेला नाही. शिपाई माझ्या पाठीमागे काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे, पण तक्त्यात चूक काढायची कुणाची टाप नाही.

आमच्याकडे एक रीत फार कडक आहे. बदलीचा माणूस आल्याशिवाय चौथऱ्यावरून उतरायचं नाही, मग पोटात दुखो नाहीतर आभाळ कोसळो. मोठ्या चौकासाठी पांढऱ्या बाह्यांचा एकच जोड असतो. उतरणारा तो आपल्या हातांवरून काढतो आणि येणाऱ्याच्या हातांवर चढवतो, आधी उजवी, मग डावी. तेवढं अर्धं मिनिट चारही रस्ते थांबून राहतात.

त्या चौकात खांब उभा राहायचा. आम्ही त्याला खांबच म्हणायचो, कारण गडी सव्वासहा फूट उंच आणि एकदा उभा राहिला की हलायचं नाव नाही. बोलणं मोजून मापून. बायकोशी तरी बोलतो का रे, असं आम्ही त्याला विचारायचो आणि तो नुसता लाजायचा.

लढाई सुरू झाली आणि लष्कराचं पत्र आलं. रहदारीचा सराव असलेला एक शिपाई लष्करी पोलिसात हवा होता. वरच्या कचेरीने बिल्ल्याचा नंबरही परस्पर ठरवून टाकला होता, तीनशे बारा. तो आमच्याच ठाण्यात शिपाई असलेल्या माझ्या धाकट्या भावाचा. आईचा त्याच्यावर भारी जीव, आणि खोटं कशाला बोलू, माझाही. पत्र मी दोन दिवस खणात दाबून ठेवलं. तिसऱ्या दिवशी नवे नंबर आलेत अशी थाप मारली आणि दोघांचे बिल्ले बदलले. तीनशे बारा खांबाला दिला, त्याचा चारशे सतरा धाकट्याला. आठवडाभराने पत्र बाहेर काढलं.

खांबाने वळकटी बांधली. निघताना एवढंच विचारलं, "साहेब, तिथं मला बदली कोण?"

"पाठवतो," मी तक्त्यातून मान वर न करता म्हणालो. शिपायांना हे मी दिवसातून वीस वेळा सांगतो.

सात महिन्यांनी तार आली. नदीवरच्या पुलावर लष्कराच्या मालमोटारी सोडत असताना तीनशे बारा मरण पावला होता. तार घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसली. रडलीसुद्धा नाही. परत येताना, आपला भाऊ वाचला, म्हणून मला हायसं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

खांबाच्या चौकात आता धाकटा उभा राहत होता. महिनाभराने एक बसचालक कसल्याशा दाखल्यासाठी ठाण्यात आला आणि दुपारच्या उंच शिपायाचं कौतुक करू लागला. म्हणाला, तो हात करतो तेव्हा ब्रेकवर पाय आपोआप पडतो. दुपारी तिथे धाकटा असतो, आणि तो जेमतेम माझ्या खांद्याला लागतो. मी बसचालकाला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. तो हसून म्हणाला, की त्या शिपायाकडे बसमधूनही मान वर करून बघावं लागतं.

त्याच आठवड्यात धाकटा पाळी संपवून आला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. तीन महिने पावसाचा टिपूस नव्हता. चिखल काळा आणि बारीक होता, त्याला शेवाळाचा वास येत होता. कुठे भटकत होतास, म्हणून मी त्याला चांगलाच झापला. तो बाकावर बसला. हात त्याने मांडीखाली दाबून धरले होते.

"दादा, बारा वाजले की चौक जातो," तो म्हणाला. "मी पुलावर असतो. एक उंच माणूस माझ्या हातांवर बाह्या चढवतो. काल उजवी चढवली. आज डावी."

"काही बोलतो?"

"विचारतो, कारकून साहेबांनीच पाठवलं ना तुला?"

"तू काय सांगितलंस?"

"अजून काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी मी धाकट्याला चौकातून काढलं आणि माझ्या टेबलासमोर अर्ज उतरवायला बसवलं. चौकात कुणालाच पाठवलं नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा तक्त्यावरची ती जागा कोरी राहिली. राहू दे म्हटलं, होऊ दे काय गोंधळ व्हायचा तो.

बारा वाजून पाच मिनिटांनी रहदारी निरीक्षकांचा फोन आला. ते भलतेच खूश होते. मोठ्या चौकात आज कोण उभं केलंय, असं विचारत होते. पोराला बक्षीस द्या म्हणाले.

मी मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी होती.

दौत उघडी, टाक ओला, अर्जावरची ओळ अर्धीच. खुर्चीखाली पाण्याचं थारोळं.

मी तसाच धावत सुटलो.

चौथऱ्यावर एक उंच माणूस पाठमोरा उभा होता. हात खाली-वर होत होते. गाड्या मुकाट जात होत्या.

मी हाक मारली.

त्याने चारही रस्ते थांबवले आणि तो खाली उतरला. खांबच होता. गाल बसले होते, ओठ निळे पडले होते. हातांवर बाह्या नव्हत्या.

"मिळाली बदली," तो म्हणाला. "पोरगा आधी तयार नव्हता. तुमचं नाव घेतलं, तेव्हा हो म्हणाला."

तो माझ्या अंगावरून गेला आणि घराच्या रस्त्याला लागला. मी ठाण्यात परतलो.

चारच्या सुमाराला त्याची बायको ठाण्यात आली. मी या बाईला एवढी हसताना कधी पाहिली नव्हती. म्हणाली, हे आले, जेवले आणि झोपले, तुम्ही शब्द पाळलात. जणू तार तिला कुणी दिलीच नव्हती.

"त्यांच्याकडे काही काम होतं का?" तिने विचारलं. "उठवू?"

हो म्हणायचं होतं. उठवा, ताबडतोब परत पाठवा, एवढंच सांगायचं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आता एका तासाने काय बिघडणार आहे, असं मनाशी म्हटलं.

"झोपू दे तासभर," मी म्हणालो.

मग घरी गेलो. धाकटा आलेला असेल, अशी वेडी आशा होती. आई स्वयंपाकघरात दोनच ताटं पुसत होती. मी दारातूनच विचारलं, "धाकटा आला का गं?"

आईने ताट खाली ठेवलं.

"थट्टा करतोस होय रे माझी?" ती म्हणाली. "पुलावर नेमलंय, एवढंच लिहिलं होतं त्यानं. त्यानंतर पत्र कुठे आलंय?"