डॉक्टर देवरेंची शेवटची चिठ्ठी

डॉक्टर भारत देवरेंच्या डोक्यात पहिला घाव समोरून बसला. दुसरा आणि तिसरा ते खाली पडल्यावर. हत्यार म्हणजे ऑक्सिजनच्या सिलिंडरचा हातभर लांब लोखंडी पाना. वॉर्डाशेजारच्या इंजेक्शनच्या खोलीत तो कायम भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. नाशिकच्या वेशीबाहेरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, रविवारी दुपारी तीन वाजता, भरदिवसा हे घडलं.

प्रेताजवळ गुडघे टेकून बसलेला सापडला तो भिमाजी. मखमलाबादकडचा फुलं पिकवणारा माणूस, साठीचा. दोन्ही हात रक्तानं भरलेले. शिकाऊ डॉक्टरांनी त्याला तिथंच तुडवला, दोन दात पाडले. उरलंसुरलं पोलिसांनी चौकीत नेऊन पुरं केलं.

सोमवारी सकाळी भिमाजीची बायको अंबूबाई डोक्यावर टोपली घेऊन रविवार कारंजावरचा एक अरुंद जिना चढून आली. वर पाटी होती, ‘सगुणाबाई गायधनी. खाजगी चौकशी.’

सगुणाबाईंनी वीस वर्षं पोलिसात काढली आणि साहेबाच्या तोंडावर टोपी आपटून नोकरी सोडली. साल अठ्ठ्याण्णव उजाडलं, तरी धंदा मुख्यतः लग्नाच्या स्थळांचा. मुलगा पितो का, पहिली बायको लपवलीय का, एवढंच लोकांना हवं असतं. जोडीला कारभारी पगार. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. कामं दोन. स्कूटर चालवायची आणि सगळ्यांना कळून चुकलेली गोष्ट शेवटी विचारायची.

“बाई, माझ्या मालकानं कधी कुत्र्याला धोंडा मारला नाय,” अंबूबाई म्हणाली. “आन् पोलीस म्हनत्यात, डॉक्टरला मारलं. उद्या कोर्टात उभं करनार हायेत. फाशी व्हईल म्हनत्यात.”

“भांडण झालं होतं?”

“खोटं कशाला बोलू? शनवारी मालकानं डॉक्टरची गचांडी धरली. आमचा समाधान टमाट्यावर औषध मारत व्हता. वारं फिरलं, समदं अंगावर आलं. चार दिस झाले, पोरगा दवाखान्यात हाय. कुनीतरी मालकाच्या कानात भरवलं, हितं मानसांवर प्रयोग करत्यात म्हनून. मग गेला डोस्कं फिरून.”

“आणि रविवारी?”

“रविवारी सकाळी त्याच डॉक्टरनं मालकाचा डोळा बघितला की! उजव्या डोळ्यानं धूसर दिसत व्हतं. डॉक्टर हसला, म्हनला, ‘बाबा, सकाळी कुठली फुलं तोडली?’ आन् ही चिठ्ठी लिवली. मी मेडिकलवाल्याकडं घेऊन गेले, तर तो म्हनतो, आजी, यावर औषधच नाय लिवलेलं.”

सगुणाबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि पर्समध्ये ठेवली. तेवढ्यात पगारांनी टोपलीतून एक लांबट पांढरं फूल उचललं होतं. श्रावणी सोमवार, पंचवटीत विकायला बेल आणि फुलं काढलेली. ती तशीच सुकत होती.

“ठेवा ते, पगार. साबणानं हात धुवा. तोवर डोळे चोळू नका.”

“विषारी आहे?”

“महादेवाला चालतं. तुम्ही महादेव नाही.”

चौकीत इन्स्पेक्टर बच्छाव खुशीत होते. भिमाजी कोठडीत भिंतीशी पडला होता. तळपाय सुजून टम्म, ओठ फाटलेला. त्यानं एकच विचारलं, “पोरगा जित्ता हाय का?”

“आहे,” सगुणाबाई म्हणाल्या. “खोलीत कशाला गेला होतात?”

“समाधानचा दम कोंडला व्हता. डॉक्टरला बोलवाया पळालो. तर ते असे पडलेले. उठवाया गेलो, बाई. तेवढंच.”

त्याचा चेहरा बघून सगुणाबाईंची कानशिलं तापली. बच्छावांना द्यायच्या चार शिव्या त्यांनी गिळल्या, कारण अजून काम निघायचं होतं.

“डोळा बघा त्याचा,” बच्छाव म्हणाले. “उजवी बाहुली केवढी आणि डावी केवढी! देवरे टेबलाशी बसून मोठ्या सिरिंजमध्ये अ‍ॅट्रोपिन भरत होते. फवारणीच्या विषावर तेच लागतं, आणि ढिगानं लागतं. मेले तेव्हा सिरिंज मुठीत होती. दट्ट्या पार आत, औषध संपलेलं. आता हे औषध डोळ्यात गेलं की बाहुली मोठी होते आणि चांगली दोन-तीन दिवस तशीच राहते.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“डॉक्टर रोहितनं. देवरेंच्या हाताखालचा पोरगा. काल संध्याकाळी आला आणि म्हणाला, ‘साहेब, सरांनी मरता मरता मारेकऱ्याच्या डोळ्यात औषध उडवलंय. ज्याची एक बाहुली मोठी, तोच तुमचा माणूस.’ वॉर्डातल्या सगळ्यांचे डोळे तपासले. एक मोठी एक लहान असा हा एकटाच.”

“सगळ्यांचे?”

बच्छाव जरा चुळबुळले. “निंबाळकर साहेबांचे सोडून. विभागप्रमुख आहेत. त्यांचे डोळे आलेत, काळा चष्मा लावतात. एवढ्या मोठ्या माणसाला चष्मा काढा कसं म्हणायचं?”

“वा!” सगुणाबाई म्हणाल्या. “म्हाताऱ्याचे दात पाडता आले, साहेबाचा चष्मा नाही काढता आला.”

दवाखान्यात काचांचा खच होता. मास्तर मेल्याच्या रागात पोरांनी खिडक्या फोडल्या होत्या. इंजेक्शनच्या खोलीतली फरशी पुसली होती, पण भिंतीवरचे रक्ताचे शिंतोडे तसेच होते. पगारांनी तिकडं पाठ केली.

सिस्टर उज्वला रडून रडून सुजली होती. “सर मूळचे सटाण्याचे. त्या बाजूचा पेशंट आला की अहिराणीत बोलायचे. नव्या पद्धतीचा अभ्यास चालू होता ना, विषबाधेच्या रोग्यांना औषध सतत थेंबाथेंबानं द्यायचं. जुन्या पद्धतीपेक्षा किती जगतात ते बघायचं. एका पेशंटची वही घेऊन सर मागच्या रविवारी सायखेड्याला गेले. परत आले ते गप्पच. काल मला म्हणाले, ‘सिस्टर, सोमवारी मी हा अभ्यास बंद पाडणार.’”

“काल दुपारी औषध कुणासाठी भरत होते?”

“समाधानसाठी. मग त्या गोंधळात मीच त्याला दिलं. नाहीतर कालच गेला असता.”

डॉक्टर रोहित खिडकीशी बसला होता. पाऊस उघडून ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं होतं आणि तो कपाळावर आडवा हात धरून बोलत होता. पंचविशीचा, देखणा.

“दुपारी माझ्या खोलीत झोपलो होतो. सर मला वडिलांसारखे होते,” तो म्हणाला.

सगुणाबाईंनी टेबलावरची वही उघडून त्याच्यापुढं सरकवली. “सायखेड्याचा पेशंट कोणता? वाचता?”

रोहितनं वहीकडं पाहिलं आणि ती उज्वलाकडं ढकलली. “सिस्टर, तुम्हीच वाचा. सरांचं अक्षर बघितलं की गलबलून येतं.”

उज्वला गोंधळली. “पण डॉक्टर, हे अक्षर तर तुमचंच आहे.”

“तेच ते. सरांनी सांगितलेलं. वाचा तुम्ही.”

उज्वलानं वाचलं. पेशंट नंबर नऊ. बहिरू, सायखेडा. नवी पद्धत. तिसऱ्या दिवशी पूर्ण बरा होऊन घरी.

जिन्यात पगार म्हणाले, “पोराचे डोळे काय काळेभोर हो! एवढं ऊन तोंडावर, तरी टपोरे. नाटकात शोभेल. अ‍ॅप्रन तेवढा उसना दिसतो. बाह्या पार बोटांवर आल्यात.”

सगुणाबाई पायरीवर थांबल्या. “पगार, आज जेवण माझ्याकडून. पण आधी सायखेड्याला जाऊन या. बहिरू कसा आहे ते बघा.”

विभागप्रमुख निंबाळकर काळ्या चष्म्याआड कापसानं डोळे टिपत होते. खेकसूनच बोलले. “देवरेंना कसली हरकत होती ते मला ठाऊक नाही. आज बोलू म्हणाले होते. अभ्यास उत्तम चाललाय. जुन्या पद्धतीत दहातले तीन दगावायचे, नव्या पद्धतीत एकही नाही!”

“हे आकडे कोण लिहितं?”

“रोहित. दिल्लीच्या परिषदेत हा निबंध तोच वाचणार आहे. पुढं परदेशातली जागाही ठरल्यासारखीच आहे.”

चारच्या ठोक्याला सगळे इंजेक्शनच्या खोलीत जमले. निंबाळकर, रोहित, उज्वला, बच्छाव, दोन शिपाई. बेड्या घातलेला भिमाजी भिंतीच्या आधारानं उभा, त्याला धरून अंबूबाई. पगार नुकतेच परतले होते, पँट चिखलानं माखलेली.

“बहिरू कसा आहे, पगार?”

“नाही हो तो आता. घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी दम कोंडून गेला. मागच्या रविवारी तेरावा होता. देवरे डॉक्टर विचारपूस करायला म्हणून गेले आणि तेराव्याच्या पंगतीत पोचले. त्याच्या आईपाशी बसून रडले म्हणे.”

सगुणाबाई निंबाळकरांकडं वळल्या. “साहेब, म्हणून तुमच्या नव्या पद्धतीत कुणी दगावत नाही. पेशंट डोळे उघडतो, जरा बोलतो, की लगेच घरी धाडायचा. मरायचं ते घरी मरतो. वहीत पूर्ण बरा. देवरे आज हे तुम्हाला सांगणार होते.”

“वही रोहित लिहितो,” निंबाळकर पुटपुटले.

“हो. आता डोळ्यांचं बघू. बच्छाव साहेब, सिरिंज रिकामी होती. औषध फरशीवर सांडलं असेल, भिंतीवर उडालं असेल. ते माणसाच्या डोळ्यातच गेलं, हे रोहितला कसं कळलं?”

“अंदाज,” रोहित म्हणाला.

“बरं, अंदाज. तुम्ही एक मोठी आणि एक लहान बाहुली शोधत बसलात, साहेब. पण मारेकरी डॉक्टर असेल तर? एक डोळा बिघडला की लोक बघणार, हे त्याला ठाऊक. मग त्यानं दुसऱ्या डोळ्यातही तेच औषध घातलं. दोन्ही सारखे! कुणाला संशय येत नाही. वर म्हाताऱ्याची एकच बाहुली मोठी त्याला दिसली होती, म्हणून तुम्हाला त्याच्यामागं लावलं. फक्त दोन गोष्टी त्याला लपवता येत नाहीत. भर उन्हातही बाहुल्या लहान होत नाहीत, आणि जवळचं अक्षर दिसत नाही. ज्याला स्वतःचं अक्षर ओळखू येत नाही, त्याच्या डोळ्यांना काय झालंय, डॉक्टर रोहित?”

पगारांनी आता कुठं डोळे विस्फारले. “म्हणजे ते काळेभोर डोळे…”

“काळेभोर कसले, पगार! नुसत्या बाहुल्याच त्या.” त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढून रोहितपुढं धरली. “खिडकीत या आणि एवढं वाचा. तुमचा अ‍ॅप्रन कुठंय तेही सांगा. हा दुसऱ्याचा आहे.”

रोहितनं चिठ्ठी घेतली. हात लांब केला, आणखी लांब केला.

“तो नऊ नंबरचा पेशंट मेला काय, जगला काय!” तो एकदम ओरडला. “माझी चार वर्षं! एका खेडवळासाठी माझी चार वर्षं पाण्यात घालायला निघाला होता तो!”

ट्रेमधली कात्री उचलून तो सगुणाबाईंच्या गळ्यावर धावला. पण जवळचं काही धड दिसत नव्हतं. गळ्याचा वार खांद्यावर गेला, लुगड्यातून रक्त आलं. दुसरा वार पगारांनी आडव्या घातलेल्या हातात घुसला. पगारांनी बोंब ठोकली आणि दुसऱ्या हातानं स्टीलचा ट्रे त्याच्या तोंडावर असा हाणला की नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शिपायांनी त्याला फरशीवर दाबला. बच्छावांनी बॅटरी त्याच्या डोळ्यांवर मारली. बाहुल्या हलल्या नाहीत.

रक्तानं भरलेला अ‍ॅप्रन नंतर वॉर्डाच्या मागं, कचरा जाळायच्या भट्टीत अर्धवट जळालेला सापडला.

“पण या म्हाताऱ्याचा डोळा?” बच्छावांनी विचारलं. आवाज पडला होता.

सगुणाबाईंनी खांदा दाबून धरत खाली पडलेली चिठ्ठी निंबाळकरांकडं दिली. त्यांनी काळा चष्मा काढला. डोळे लालभडक, चिकटलेले, पण वाचता येत होतं. ते इंग्रजी मजकूर हळूहळू मराठी करून वाचू लागले.

“‘रविवार, सकाळी अकरा वीस. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी. पहाटे धोतऱ्याची फुलं तोडली, तोच हात डोळ्याला लागला. डोळा धुवावा. औषधाची गरज नाही. दोन-तीन दिवसांत आपोआप बरा होईल, घाबरू नये. भारत देवरे.’”

अकरा वीस. खून तीनला. बच्छावांनी स्वतःच्या हातानं बेड्या काढल्या, भिमाजीकडं न बघता.

“माझ्याकडं नका बघू, त्याच्याकडं बघा,” सगुणाबाई कडाडल्या. “डॉक्टरनं एक चिठ्ठी लिहिली म्हणून हा वाचला. तुम्ही तर मारूनच टाकला होता.”

भिमाजी खाली बसला. “त्या मानसाची मी गचांडी धरली व्हती, बाई,” तो म्हणाला, आणि अंबूबाईच्या खांद्यात तोंड खुपसून रडला. अंबूबाईनं त्याला रडू दिलं.

मग उज्वलानं त्यांना समाधानच्या खाटेशी नेलं. औषधानं त्याच्याही दोन्ही बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. या वॉर्डात ती जगण्याची खूण. श्वास बरा चालला होता. वॉर्डाबाहेर काय घडलं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“आबा,” तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, “तोंडाला काय झालं?”

“पडलो.”

“डोळा बरा हाय का? देवरे डॉक्टर काल मला म्हनले, तुझ्या बापाला सांग, काळजी करू नको.”

भिमाजीनं पोराच्या कपाळावर हात ठेवला.

“व्हय,” तो म्हणाला. “बरा व्हतोय. त्यांनी लिवलं तसंच.”