कालवांचा पहारा

ऋता बोबडे नागपूरहून आली, ती नाकाला रुमाल लावूनच प्रयोगशाळेत शिरली. "मॅडम, इथे रॉकेल सांडलंय का हो?"

डॉ. वैजयंती टाकळे हसल्या. "छे गं! मासळीचा वास असेल. होईल सवय."

जेट्टीवरच्या त्या खोलीत भिंतभर हिरवे दिवे लागले होते. प्रत्येक दिव्यामागे खाडीच्या तळाशी एक जिवंत कालव होतं आणि त्याच्या शिंपल्यावर वैजयंतीबाईंनी बसवलेला 'मिटमापक'. पाण्यात तेलाचा अंश आला की कालव शिंपला घट्ट मिटून घेतं आणि दिवा लाल होतो. खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या 'सागरसंतोष' या जुनाट तेलवाहू जहाजावर गावाने बसवलेला हा पहारा. नागरिक देखरेख समितीत माणसं तीन: वैजयंतीबाई, मच्छीमारांचे इब्राहिमचाचा मजगावकर आणि सरकारने नव्याने नेमलेली ही ऋता. आज संध्याकाळपर्यंत यांतल्या दोघांनी मालक कंपनीच्या परवानगीपत्रावर सही केली, की जहाज काठोकाठ भरून पावसाळाभर इथेच उभं राहणार. त्याचा तळ उकलला तर खाडी संपली, आणि खाडीवर जगणारं गावही संपलं.

"दिवा शेवटचा लाल कधी झाला होता?" ऋताने विचारलं.

"अगो बाय, तीन वर्षांत एकदापण नाय!" चाचा छाती फुगवून म्हणाले. "आधी कुणाच्या होडीतून डिझेल गळलं तरी ही कालवं बोंब मारायची. आता बघ, कशी गप!"

"आता होड्यांतून डिझेल गळत नाही?"

चाचांनी जेट्टीला बांधलेल्या होड्यांकडे पाहिलं. गळत होतंच की!

वैजयंतीबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "चाचा, कालव तेल ओळखत नाही, फरक ओळखतं. तेल एकदम आलं तर ते दचकतं. पण जहाजाच्या तळातून रोज थोडं थोडं झिरपत असेल, तवंगही दिसू नये इतकं..."

"तर त्याला सराव होतो," ऋता म्हणाली. "सरावबधिरता म्हणतात तिला. ती नाकालाही येते. म्हणून मला वास येतोय आणि तुम्हाला नाही. पाण्याचे नमुने तपासत नाही का तुम्ही?"

"कालवं असताना नमुने कशाला, म्हणून मीच बंद केले." आणि आता पाठवले, तरी शहरातून उत्तर यायला आठवडा लागणार होता.

चाचांनी तडक होडी काढली आणि डोंगरापलीकडच्या स्वच्छ किनाऱ्यावरून टोपलीभर कालवं आणली. प्रयोगशाळेतल्या टाकीत खाडीचं पाणी भरून ती सोडली मात्र, पटापट सगळे शिंपले मिटले. चाचांच्या तोंडचं पाणी पळालं. "या अल्ला! पोरंबाळं याच पाण्यात डुंबतात आमची!"

उन्हं कलल्यावर कंपनीचा अधिकारी कागद घेऊन हजर झाला. वैजयंतीबाई तयारच होत्या. "सही मिळणार नाही. टाकीतली मिटलेली कालवं बघा."

अधिकारी वाकला. "कुठे मिटलीत, मॅडम?"

एकूण एक कालव उघडं होतं, संथपणे पाणी पीत होतं.

"दुपारी मिटलेली हो," चाचा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "जागा बदलली म्हणून बिचकली असतील, नाय?"

"ऋता, तू सांग यांना. वास येतोय ना?"

ऋताने हवा हुंगली. पुन्हा हुंगली. "नाही हो, मॅडम. सकाळी प्रवासाने डोकं चढलं होतं ना, भास झाला असेल."

"अगं, दिवसभर इथे बसलीस तू! तुलाही सराव झाला. डोंगरापलीकडे तासभर जाऊन ये, मग सांग. हात जोडते तुला!"

"नसलेला वास शोधायला कशाला जायचं?" ऋता समजुतीच्या सुरात म्हणाली आणि तिने सही केली. चाचांनीही केली. त्यांच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं.

जहाजाचा भोंगा वाजला. पंप धडधडू लागले. वैजयंतीबाईंनी खिडकी सताड उघडली आणि छातीभर श्वास घेतला. पुन्हा घेतला.

हवा अगदी स्वच्छ होती. त्या डोंगराच्या वाटेला धावत सुटल्या.