लावेयानमधल्या चौदा खोल्या

"दोन दिवस राहायला खोल्या मिळतील का?"

लारासने मान वर केली नाही. मेणाची धार कापडावर उतरत असताना मान वर करायची नसते. हातातली पाकळी पुरी करून तिने तांब्याची टोकदार लेखणी कढईत टेकवली, आणि मग दाराकडे पाहिलं. पाठीला बॅग, कपाळावर घाम, आणि अंगणातल्या ओल्या कापडाला घासून खांद्यापाशी निळा झालेला पांढरा शर्ट.

"हे हॉटेल नाही, मास. बातिकची कापडं रंगवायचं घर आहे."

"पण दार तर अगदी..."

"लावेयानच्या गल्ल्यांत सगळी दारं सारखीच. आणि शर्टावरचा तो डाग आता जायचा नाही हं. आमची नीळ पक्की असते."

तो ओशाळून हसला. नाव दामार, सेमारांगच्या बंदरात इंजिनियर. बहिणीचं लग्न इथे सोलो शहरात ठरलं होतं. वऱ्हाडासाठी चौदा खोल्या हव्या होत्या, त्याही एकाच गल्लीत, कारण आजीला चालवत नव्हतं. सकाळपासून सहा हॉटेलं पालथी घातली होती.

"तुम्हाला घासाघीस जमत नाही, हे तोंडावरच दिसतंय," लारास म्हणाली. "खोल्या मी मिळवून देते. नवरानवरीची कापडं मात्र माझ्याकडून न्यायची. दोन महिने लागतील."

"दोन महिने! छापलेलं तर चार दिवसांत—"

तिने कापडाची कड त्याच्या हातात दिली. "उलटी बाजू कुठली, सांगा."

त्याने दोन्हीकडून बोट फिरवलं. तीच नक्षी, तोच गडद तपकिरी रंग. "नाही सांगता येत."

"दोन्ही बाजूंनी मेण हाताने लावतो. म्हणून दोन महिने."

दुसऱ्याच शनिवारी चौदाच्या चौदा खोल्या ठरल्या. तरी तिसऱ्या शनिवारी दामार हजर.

"आज काय काढलंत?"

"गाद्या बघायच्या राहिल्यात."

"चौदाही?"

"आजीची पाठ... नाजूक आहे."

आतून लारासची आई उगाचच खोकली.

पुढच्या शनिवारी उशा निघाल्या, मग पडदे. 'मास' ही हाक इथे सायकलरिक्षावाल्यालाही मारतात आणि नवऱ्यालाही. फरक असतो तो आवाजात. लारासचा आवाज कधी बदलला, तिचं तिलाही कळलं नाही... दामारला मात्र बरोबर कळलं.

सातव्या शनिवारी त्याने कुठलंच निमित्त काढलं नाही. "बालिकपापानला बदली देतायत, समुद्रापलीकडे. तीन वर्षं, मोठी जागा." मग एका दमात, "चलशील माझ्याबरोबर?"

लेखणीचं टोक तुंबलं होतं. तिने हलकेच फुंकर मारली. "नाही."

त्याचा चेहरा पडला.

"पुरतं ऐका, मास. तुम्ही मला आवडता. खूप. पण हे अंगण सोडून मी कुठे जायची नाही. माझं सगळं काम इथे आहे, आणि ते मला येतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमचं तुम्ही ठरवा. मी रुसणार नाही. थोडी रडेन... पण रुसणार नाही."

तो बॅग उचलून गेला. आठव्या शनिवारी आलाच नाही. लारासने उकळत्या पाण्यात मेण उतरवलं, कापडं वाळवली, घडी घातली. थोडी रडली, आणि नवं कापड ताणायला घेतलं.

मंगळवारी दारात रिक्षा थांबली. दामारने आधार देऊन आजीला उतरवलं. आजीने लग्नाचं कापड उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, आणि मग तितकंच निरखून लारासकडे पाहिलं.

"हा म्हणतो, बदलीला नाही म्हणून सांगितलंय. सोलोत राहीन, रोज गाडीने बंदरात जाईन. वेडा आहे का गं हा?"

"थोडासा आहे, आजी."

"मला बंदर आवडतं," दामार पुटपुटला, "आणि..."

"तू थांब. तुला चौदा खोल्या नीट मागता आल्या नाहीत, बायको काय मागणार?" आजीने चटईवर बसकण मारली आणि लारासच्या आईकडे वळली. "बाई, पोरगी मागायला आलेय. चहा गोड करा. उत्तर घेतल्याशिवाय मी काही उठत नाही."

आईने लेकीकडे पाहिलं. लारासने दामारकडे. तो श्वास रोखून उभा होता.

"मग उठाच, आजी," लारास म्हणाली. "माझं उत्तर हो आहे."