नाण्यांवरचा हिरवा थर

अॅसिटोन शुद्धच हवं. नखांचा रंग काढायचं ते पातळ पाणी चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध कालवलेला असतो. भांडं काचेचं, खिडकी उघडी, गॅस बंद. नाणं बुडवायचं, थांबायचं, कडेला धरून उचलायचं, दुसऱ्या ताज्या अॅसिटोनमधून काढायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. घासायचं मात्र नाही. घासलं की नाण्याचा चेहरा कायमचा गेला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं बाटल्या सांभाळल्यात मी, त्यामुळे रोजचं रोज वहीत लिहायची खोड आहे. लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं आमचे सर म्हणायचे.

नाणी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सात. कुणाचा हात लागू नये म्हणून त्यांनीच ती मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत घातली, आणि वर्षानुवर्षं त्याच प्लास्टिकला पाझर फुटत राहिला. आता प्रत्येकावर हिरवट, चिकट थर आहे. अण्णा जपायला गेले नि नासवून बसले. दोन वर्षांपासून अण्णा मला ओळखत नाहीत. 'बाई' म्हणतात, अहो-जाहो करतात. पोटच्या पोरीला अहो! पहिल्यांदा मी मोरीत जाऊन रडले होते. आता ठरवलंय, नाणी लख्ख करून त्यांच्या हातात द्यायची. नाण्यांवर त्यांचा जीव. ती ओळखली तर कदाचित मलाही ओळखतील.

सोमवारी दुपारी पहिलं नाणं काढलं. थर सुटून तळाशी शेवाळासारखा बसला. अण्णांनी नाणं बोटांत फिरवलं आणि सांगितलं की हे हिनं दिलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला. मग आई काम करताना गुणगुणायची ते हुबेहूब गुणगुणून दाखवलं. आनंदानं मला काही सुचेना. संध्याकाळी भांडी विसळताना तीच चाल धरायला गेले, तर आठवेना. आईचा आवाजही आठवेना. दमले असेन.

दुसऱ्या नाण्यानं अण्णांना आमचं जुनं घर परत मिळालं, जिन्याच्या तुटक्या पायरीसकट. मला कसला जिना ते कळलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या मोठ्या मुलीच्या आजारपणाची गोष्ट सांगितली, तिला खांद्यावर घेऊन रात्र काढल्याची. मोठी म्हणजे मीच की. तरी मी परक्या घरची हकीकत ऐकावी तशी ऐकत बसले.

शनिवारपर्यंत सहा नाणी झाली. दारात एक बाई पिशवी घेऊन उभी होती. मी विचारलं, कोण हवंय? तिला आधी थट्टा वाटली, ती हसली. मग तिचं हसू गेलं. ती माझी धाकटी बहीण आहे. तिनंच सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं.

आतून अण्णा तिला लाडाच्या नावानं हाका मारत होते. तिनं मात्र उभ्या उभ्या ही वही पहिल्या पानापासून वाचली आणि भांडं उचलून मोरीकडे निघाली. मी तिचं मनगट धरलं.

"ताई, बास कर. त्यांना जे आठवतंय, ते तुझ्यातून जातंय."

"जाऊ दे. त्यांनीच दिलेलं आहे."

"आणि उद्या त्यांनाच विसरलीस तर?"

"एकच राहिलंय," मी म्हणाले. "पाकिटावर लिहिलंय, मोठीच्या जन्माचं. बाकी सगळे त्यांना सापडले, गं. फक्त मी राहिले."

रविवार, सकाळचे दहा. खिडकी उघडली. गॅस बंद. नाणं बुडवलं.

थर सुटायला वेळ लागला. घासलं नाही.

नाणं वाळलं. कडेला धरून बाहेर नेलं.

बाहेर खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी नाणं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मोठे," ते म्हणाले, "कधीची उभी आहेस गं? ये, बस."

आणि माझा हात धरून हमसून रडायला लागले. त्यांच्या शेजारी उभी असलेली बाईही रडत होती. घरात काहीतरी दुःखाचं झालं असावं. मी विचारलं नाही. परक्या माणसानं असा हात धरलेला मला आवडत नाही, पण त्यांचं वय पाहून थोडा वेळ धरू दिला.