पोटमाळ्याची उंची

कवळीतले दात अगदी सरळ रांगेत बसवले की लगेच खोटे वाटतात. एखादा किंचित वळवावा लागतो.

एकाच माणसाचं डोकं एकाच दुपारी एकाच तुळईवर तीन वेळा आपटू शकतं.

आमच्या घरात आत्या कधी दिवा लावत नाही. तिला गरज नसते.

"अन्याय हा शब्द काढून टाका."

यातलं शेवटचं वाक्य त्याचं. तिथूनच सांगते.

*

कर कार्यालयाच्या जिन्यात मी तालीम करत होते. हरकती घेणारी खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होती. आसपास कुणी नाही असं बघून मी भिंतीवर टांगलेल्या वाळूच्या बादलीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "महोदय, हा माझ्यावर आणि माझ्या वयस्कर आत्यावर घोर अन्याय आहे!"

"अन्याय हा शब्द काढून टाका."

मी दचकून वर पाहिलं. जिन्याच्या वळणावर एक उंच माणूस लांबच लांब पाय पसरून सफरचंद खात बसला होता.

"चोरून ऐकताय?"

"चोरून? बादलीसुद्धा हादरली असेल."

खरं तर मी रागावायला हवं होतं. पण तो इतक्या आपुलकीने बादलीकडे बघत होता, की...

"मग काय म्हणू? घरपट्टी दीडपट झालीय आमची. पोटमाळा त्यांनी अख्खा मजला म्हणून धरलाय. रस्त्यावरून वर एक खिडकी दिसली, झालं! वर खोल्या असणारच!"

"आत येऊन कुणी बघितलं नाही?"

"बघायला तिथे उभं तर राहता आलं पाहिजे."

त्याचं चावणं थांबलं. "हेच म्हणा. समितीला अन्याय कळत नाही, उंची कळते. छत सात फुटांच्या खाली असेल तर ती जागा खोली म्हणून धरत नाहीत. खाली फलकावर लावलाय नियम. कुणी वाचतच नाही."

"तुम्ही वकील आहात?"

"छे! तसा दिसतो का?"

"बरं झालं. भाऊ म्हणतो वकील कर. पण त्याची फी भरली तर जिंकूनही मी हरल्यातच जमा."

तो हसला. आणि मी बघतच राहिले... त्याचा वरचा डावा दात किंचित वळलेला होता. मी दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते, तेव्हा ही धंद्याची सवय म्हणायची. निदान त्या दिवशी मी तसंच म्हटलं.

"काय झालं?" त्याने घाईघाईने तोंडावर हात धरला. "वाईट दिसतो?"

"नाही. कुणाच्या सांगण्यावरून सरळ करून घेऊ नका."

वरची खिडकी उघडल्याचा आवाज झाला. मी दोन-दोन पायऱ्या चढत पळाले. त्याचं नाव-गाव काहीच विचारलं नाही... वेडीच मी.

*

खरा प्रश्न पैशांपाशी संपत नव्हता. घर माझ्या आणि भावाच्या नावावर. भाऊ दूर असतो. वाढलेली पट्टी मला झेपणार नव्हती, त्यालाही नाही. "कमी झाली नाही तर विकून टाकू," तो म्हणायचा, "आत्याला आणि तुला छान छोटा फ्लॅट बघू."

आत्याला आता सावल्यांपलीकडे काही दिसत नाही. पण हे घर तिला हाताने पाठ आहे. ती चहा करते, जिना चढते, मी ताट न घासता ठेवलं तर ओरडते. नव्या घरात ती खुर्चीत बसून राहील आणि "पाणी दे गं" म्हणेल.

तिला पाणी मागताना मी अजून ऐकलेलं नाही.

*

दार वाजलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, आणि दारात खांदे भिजलेला, हातात मोजपट्टी घेतलेला...

"तुम्ही?"

"मी." तो कानापर्यंत लाल झाला. "मोजमाप विभाग. हरकतीची पाहणी करायला आलोय. पत्ता तुमचा असेल असं... म्हणजे, पोटमाळा वाचल्यावर थोडीशी शंका आली होती."

"कोण गं?" आतून आत्या.

"घर मोजायला आलेत."

"मग त्यांना बूट काढायला सांग. एवढे मोठे पाय, सगळीकडे चिखल करतील."

"यांना कसं कळलं?" त्याने कुजबुजत विचारलं.

"पावलांवरून. ऐकूही येतं तिला, बरं का."

"येतंच!" आत्या म्हणाली.

पोटमाळ्यावर तो वाकून शिरला आणि पहिल्याच पावलाला तुळई लागली. मग मागे वळताना. मग "लागलं नाही, लागलं नाही" असं मला सांगताना. मी हसू दाबायला ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. पत्र्यावर पाऊस हलके हलके वाजत होता. त्याने मोजपट्टी चार ठिकाणी लावली, आकडे लिहून घेतले.

"सगळीकडे कमी भरतंय," तो म्हणाला.

"थांबा. फोटो काढते. समितीला दाखवायला."

"मग मी बाजूला होतो."

"नको, उभे राहा! माणूस असला की उंची कळते."

तो मान वाकडी करून, पट्टी छताला लावून उभा राहिला. मी फोटो काढला.

चहा घेऊन तो निघाला. तो गेल्यावर आत्या म्हणाली, "बराच वेळ लागला गं एवढंसं माप घ्यायला."

*

सुनावणी. जसं झालं तसं.

अध्यक्षबाई : (चष्मा नाकावर, समोर माझे कागद) वकील कुठायत?

मी : नाहीत. मीच बोलणार आहे.

अध्यक्षबाई : बोला.

मी : आमचा पोटमाळा सात फुटांपेक्षा बुटका आहे. तो मजला धरलाय तो काढावा. हे मोजमाप. हा फोटो. संपलं.

अध्यक्षबाई : एवढंच? (फोटो हातात घेऊन) हे वाकलेले गृहस्थ कोण?

मी : आपल्याच विभागाचे. ते तिकडे मागे बसलेत.

अध्यक्षबाई : (बराच वेळ फोटो बघत) मोजपट्टी छताला लावलीय. मग हे छताकडे का बघत नाहीयेत?

मी : (उरलेले कागद उगाच जुळवते.)

बाजूचे सदस्य : (फोटो ओढून घेत) खरंच की. फोटो काढणाऱ्याकडे बघतायत.

तो : (उभा राहून) बाई, माझा अहवाल बाजूला ठेवावा.

अध्यक्षबाई : का? माप चुकलंय?

तो : माप बरोबर आहे. पण अर्जदारांच्या बाबतीत मी... तटस्थ राहिलेलो नाही.

अध्यक्षबाई : नातेवाईक आहात का?

तो : अजून नाही.

(बाजूच्या सदस्यांना ठसका लागतो.)

अध्यक्षबाई : अहवाल बाद. दुसरा माणूस पाठवा. तोवर निर्णय राखून ठेवलाय. आणि तुम्ही, बसा आता खाली.

*

बाहेरच्या बोळात मी त्याला गाठलं. छातीत इतकं धडधडत होतं, की रागाचं कुठलं आणि दुसरं कुठलं ते वेगळं काढता येईना.

"जिंकत होते मी! आत्ताच सुचलं तुम्हाला?"

"आत्ताच विचारलं त्यांनी."

"गप्प बसायचं."

"मग उद्या कुणीही म्हणालं असतं, यांचं घर मोजमापवाल्याच्या मेहरबानीवर वाचलं. तुमचं म्हणणं खरं आहे. ते माझ्यामुळे खोटं दिसायला नको."

"आणि दुसऱ्याने चुकीचं मोजलं तर? घर गेलं तर?"

तो खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "तर मी तुम्हाला तोंड दाखवणार नाही."

"वा! म्हणजे घरही जाणार आणि तुम्हीही. हे असले निर्णय एकट्याने घ्यायचे नसतात, कळलं?"

तो एकदम वळला. मी काय बोलून गेले ते मलाही मग लक्षात आलं.

"निकाल लागेपर्यंत मी येणार नाही," तो म्हणाला. "भेटणार नाही. फोनही नाही."

"कुणी बोलावलंय?"

आणि तो खरंच आला नाही. कवळीचं मेण गरम करताना दोनदा बोट भाजलं. आत्या काही विचारत नव्हती, म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

*

दुसरा माणूस आला तो माझ्या खांद्याएवढा.

तो पोटमाळ्यावर गेला, ताठ उभा राहिला, कमरेवर हात ठेवून चौफेर फिरला. "चांगलं ऐसपैस आहे की हो! मला तर कुठे काही लागत नाही."

खाली आत्या भांडी लावत होती. एकेक भांडं आपापल्या जागी जात होतं, आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, झालं... संपलं सगळं.

"पट्टी लावा ना," मी म्हणाले.

त्याने लावली. बघितली. पुन्हा लावली. दुसऱ्या कोपऱ्यात लावली. मग थोडासा खट्टू होऊन म्हणाला, "नाही भरत. माझ्या उंचीवर जाऊ नका, बाई. पट्टी म्हणते कमी, म्हणजे कमी."

त्या बुटक्या साहेबांना मी चहाबरोबर घरातली सगळी बिस्किटं दिली.

*

निकाल आला. पोटमाळा वगळला. मी फोन केला, तर भाऊ म्हणाला, "म्हणजे आत्याची खोली तीच राहणार. बरं झालं गं. वकिलाचं काम केलंस की तू!"

संध्याकाळी दार वाजलं. मी हात पुसायच्या आत आत्याने ते उघडलंसुद्धा.

"काय हो मोजमापवाले, आता काय मोजायचं राहिलं?"

"काही नाही," तो म्हणाला. "आज कामासाठी आलो नाही."

"मग बूट काढा आणि आत या. मी जरा शेजारी जाऊन येते." ती गेली, चप्पल न शोधता.

आम्ही दोघं उरलो. तो उंबऱ्यातच उभा, एक बूट काढलेला, एक पायात.

"झालात का तटस्थ?" मी विचारलं.

"नाही जमलं."

"प्रयत्न केलात?"

"पहिल्या दिवशी केला थोडा." तो हसला, तो दात दिसला, आणि मला एकदम सगळं सोपं वाटायला लागलं. "तुम्ही... तू?"

"मी कशाला करू? मी अर्जदार होते."

त्याने दुसरा बूट काढला. मी त्याचा हात धरला आणि त्याला आत घेतलं. हात गार होता. मग नव्हता.

*

वाढीव आकारणीची ती पहिली नोटीस आली त्या दिवशी मी ती जाहिरात समजून रद्दीत टाकली होती. आत्याला ती भाजीची देठं गुंडाळताना सापडली, कागद जाड लागला म्हणून.