मुरलेला सूर

नागपूरच्या मुरणमापन विभागात एरवी अवकाशयानांचे सुटे भाग तपासणीला यायचे. त्या सकाळी टेबलावर एका जुन्या सिंथेसायझरचा सर्किट बोर्ड होता आणि समोरच्या खुर्चीत सुमेध मेश्राम बसला होता. अशी वाद्यं दुरुस्त करणारा त्याच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता. इतरांनी टाकून दिलेल्या बोर्डावरचा बिघडलेला कपॅसिटर, म्हणजे पुस्तकातलं धारित्र, तो नेमका शोधून काढायचा. या बोर्डापुढे मात्र त्याने हात टेकले होते.

"यातला एक कपॅसिटर खराब आहे मॅडम," तो विभागप्रमुख डॉ. केतकी वैरागडे यांना म्हणाला. "तो सापडलाच पाहिजे."

केतकीने कारण विचारलं, तेव्हा त्याने खाली पाहत सगळं सांगितलं. वाद्य त्याच्या बायकोचं, उत्पलाचं. त्याला पियानोसारख्या पट्ट्या नव्हत्या, एक लांब स्पर्शफीत होती. बोट जिथे टेकेल तिथला सूर. पाच महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ती हॉलमध्ये वाजवत होती आणि हा आतल्या खोलीत कुणाचातरी अँप्लिफायर उघडून बसला होता. तिने वरचा एक सूर बराच वेळ धरला. मग तो किंचित खाली डगमगला, सावरला, पुन्हा डगमगला. हा आतूनच म्हणाला, कपॅसिटर गेला तुझा, उद्या पाहतो. तिने उत्तर दिलं नाही. सूर थांबला तेव्हा त्याला वाटलं, चहा ठेवायला गेली असेल. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, तर ती जमिनीवर पडली होती. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, हात लुळा पडायला लागला तेव्हाच आणलं असतं तर वाचली असती.

आता प्रश्न एवढाच उरला होता की त्या संध्याकाळी डगमगलं काय, कपॅसिटर की हात? कपॅसिटर असेल तर सुमेधचं निदान खरं होतं आणि त्याने काही चुकवलं नव्हतं. हात असेल, तर उत्पला त्याला हाक मारत होती आणि तो आत बसून स्क्रू फिरवत होता. त्याचा मीटर सांगत होता की सगळे कपॅसिटर ठणठणीत आहेत. इतके महिने तो पुन्हा पुन्हा तेच मोजत होता.

केतकीचे सहकारी डॉ. सलीम बागवान यांनी खुर्ची जवळ ओढली. "कपॅसिटरमध्ये विद्युतभार किती मावतो आणि किती गळतो, एवढंच तुमचा मीटर पाहतो. तिसरा दोष त्याला दिसत नाही. चांगला कपॅसिटर रिकामा केला की रिकामा होतो. म्हाताऱ्या कपॅसिटरचं तसं नसतं. थोडा भार त्याच्या आतल्या थरात मुरतो, लोणच्यात मीठ मुरतं तसा. तो मागाहून हळूहळू बाहेर येतो."

"म्हणजे पाणी तिथं मुरतंय," सुमेध म्हणाला आणि आपल्याला विनोद सुचला म्हणून स्वतःच ओशाळला.

केतकीने पुढचं सांगितलं. मुरलेला भार वर्षभर टिकतो. मीटर क्षणभर लावल्याने तो जात नाही. शेवटी आत गेलेला भार आधी बाहेर येतो आणि त्यावरून मुरणमापक हे इथलं यंत्र शेवटची काही मिनिटं जशीच्या तशी मांडून दाखवतो. चांगल्या कपॅसिटरमधून काहीच मिळत नाही. काही मिळालं, तर तो कपॅसिटर खराब समजायचा.

मुरणमापकाची सुई एकेका कपॅसिटरवर टेकत गेली आणि पडदा कोराच राहिला. मग सुई स्पर्शफितीला लागून असलेल्या, सूर धरून ठेवणाऱ्या कपॅसिटरवर आली आणि पडद्यावर रेघ उमटू लागली.

"हा खराब आहे," केतकी म्हणाली. "चांगलाच मुरलाय."

सुमेध दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. बायको गेल्यावर तो असा रडला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात ते खरं, असं काहीसं तो पुटपुटला. जगाची वाद्यं नीट केली आणि घरातलं राहून गेलं, पण निदान आपलं ऐकणं चुकलं नव्हतं. डोळे पुसून तो उठला आणि तो कपॅसिटर घरी न्यायला मिळेल का म्हणून त्याने विचारलं.

सलीम अजून पडद्याकडेच पाहत होता. सुमेधचं आयुष्य बिघाड शोधण्यात गेलेलं. ती नजर त्याला कळली. तो पुन्हा खाली बसला.

"मुरलेला भार सुराला कुठं ओढतो?" त्याने विचारलं. "खाली का वर?"

केतकीच्या मनात खोटं बोलायचं आलं. पण हा माणूस घरी जाऊन कागदावर गणित मांडणार, हे तिला दिसत होतं. "आधीच्या सुराकडे ओढतो," ती म्हणाली. "त्यांनी वरचा सूर बराच वेळ धरला होता. म्हणजे वर."

"मंग खाली कोण ओढत होतं?"

याचं उत्तर खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

"कपॅसिटर चांगला असता तर?" सुमेधने हळूच विचारलं.

"तर सूर पुरता घसरला असता," केतकी म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं ते या कपॅसिटरने सावरून धरलेलं होतं."

कपॅसिटरचा वाटा वजा करून नुसतं बोट ऐकवा, असं सुमेध म्हणाला. सलीमने त्याला परोपरीने सांगून पाहिलं. ऐकून काही हाती लागणार नाही, त्रास तेवढा होईल. सुमेध हलला नाही. शेवटी सलीमने बटण दाबलं.

वरचा सूर लागला, स्वच्छ आणि स्थिर. मग तो कोसळला, अख्खं सप्तक खाली. तिथून तो अडखळत, थोडा थोडा करत वर आला, वर पोचला आणि पुन्हा कोसळला. हातातलं काम टाकून कुणीही धावलं असतं, असा तो आवाज होता. खुर्ची मागे पडल्याचं केतकीने ऐकलं. तिने आवाज बंद करायला हात पुढे केला, पण सूर परत वर चढू लागला होता आणि सुमेध हॉलकडे निघाल्यासारखा दारापर्यंत पोचला होता.

"आलो," तो म्हणत होता. "आलो गं, आलो."