थोट्या करंगळीची टकटक

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना आधी रात्र लागते. अमावास्या लागते. पिंपळ लागतो.

माझ्याकडे यातलं काहीच नाही. ही गोष्ट सकाळची आहे. १७ डिसेंबर २०२३, रविवार, सव्वादहाची वेळ. मध्य प्रदेशातल्या बालाघाटचं एक सभागृह, माणसांनी गच्च भरलेलं. बाहेर लख्ख ऊन.

ज्याला खोटं वाटतं त्याने किरनापूरला माझ्या मावसबहिणीकडे, गीताताईकडे, एक सकाळ बसून दाखवावं. मी बसलोय. म्हणूनच लिहितोय.

गीताताईचे वडील म्हणजे महागू मास्तर. धानाच्या गिरणीत कामाला होते आणि व्हायोलिन वाजवायचे. भीमजयंतीला त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. गिरणीच्या पट्ट्यात डाव्या हाताची करंगळी गेली, नुसतं थोट उरलं. लोक म्हणाले, आता व्हायोलिन विसरा. मास्तर तीन बोटांनी वाजवायला लागले. जिथे करंगळी ठेवायची तिथे ते शेजारचं बोटच तारेवरून घसरत न्यायचे. बोट सरकावं म्हणून मोहाच्या बियांचं तेल लावायचे. त्या घसरण्यातून असा सूर निघायचा की माणूस गळ्यातून रडतोय असं वाटावं.

त्यांनी दोन मुली शिकवायला घेतल्या. एक आपली गीता, दुसरी शेजारची पौर्णिमा. व्हायोलिन मात्र एकच.

मुलगी चुकली की मास्तर बोलायचे नाहीत. थोट्या करंगळीने व्हायोलिनच्या लाकडावर वाजवायचे.

टक... टक...

म्हणजे, लक्ष कुठे आहे?

वर्षभरातच मास्तरांनी निकाल लावला. "पौर्णिमाच्या हातात हाय ते. तू तानपुरा धर, बेटा. तानपुऱ्याबिगर सूर म्हंजे खांबाबिगर घर."

ताईने तानपुरा धरला. पुढची वीस वर्षं धरला. पौर्णिमाने छान वाजवलं की मास्तर म्हणायचे, "वाह, पोरी." ताईला ते कधीच म्हणाले नाहीत. तानपुऱ्याला वाहवा कोण देतो?

पौर्णिमा मोठी झाली. तिची करंगळी धडधाकट आहे, पण लहानपणापासून मास्तरांना बघून शिकलेली, तिने ती मुडपूनच ठेवली. पेपरवाले लिहायला लागले... तीन बोटांची अनोखी शैली! ही शैली आली कुठून, ते पौर्णिमाने कधी सांगितलं नाही. गरज सरो, वैद्य मरो.

आणि वैद्य खरंच मेला. त्या सकाळच्या दोन वर्षं आधी मास्तर गेले. शेवटच्या घटकेला पौर्णिमाने त्यांचा तोच थोटा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "मास्तर, तुमचं नाव मी साऱ्या दुनियेले सांगीन."

ताईने ते शब्द उराशी धरून ठेवले. वडिलांचं नाव एकदा मंचावरून घेतलं जावं, बस. तिला दुसरं काही नको होतं.

मग तो दौरा निघाला. इंदूर, जबलपूर, रायपूर, नागपूर आणि शेवटी बालाघाट. तानपुऱ्यावर ताई, तबल्यावर लोकेश.

गुरूचं नाव घेताना कलाकार कानाला हात लावतात, तुम्ही पाहिलं असेल. पौर्णिमाही लावायची. आणि नाव घ्यायची पुण्याच्या एका पंडितजींचं, ज्यांच्याकडे ती उणेपुरे पंधरा दिवस शिकली होती.

नागपुरात ताईने विचारलंच. "मास्तरचं नाव काहून नाही घेत वं तू?"

"घेईन ना. बालाघाटले घेईन, आपल्या मानसायसमोर. इथं कोन ओळखते त्यायले?"

"पक्कं?"

"हौ वं, पक्कं. टेन्शन मत ले."

ताई साधी बाई. तिने आईला, विमलामावशीला, पांढरी साडी नेसवून पहिल्या रांगेत आणून बसवलं. मावशीला कमी ऐकू येतं. मांडीवर पिशवी, पिशवीत मास्तरांचा फोटो.

पौर्णिमाने माइक घेतला. कानाला हात लावला.

ताईने श्वास रोखला...

"मैं जो भी हूँ, पुणे के अपने गुरुजी की वजह से हूँ. और ये तीन उँगलियों का अंदाज़... ये मेरी अपनी खोज है."

टाळ्या पडल्या.

मावशीनेही वाजवल्या. तिला वाटलं, नाव घेतलं.

ताई नंतर मला म्हणाली, "राजू, मले नाही तेवढं लागलं... पन मायनं टाळ्या वाजवल्या, ते नाही पाहवलं." आपल्या माणसाने गळा कापावा आणि आपल्या आईने टाळी वाजवावी. आलाप सुरू झाला आणि ताईचा हात तानपुऱ्यावरून आपोआप खाली आला.

आणि तेव्हा...

टक... टक...

अगदी कानाशी. लाकडावर हाड वाजावं तसं.

ताईने दचकून पौर्णिमाकडे बघितलं. पौर्णिमा मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून आलाप वाजवत होती. तिचे दोन्ही हात कामात होते. करंगळी मुडपलेली. तबल्यावर लोकेश डोळे मिटून बसला होता.

मग वास आला. मोहाच्या तेलाचा. पौर्णिमाने ते तेल केव्हाच सोडलं होतं. ती पावडर लावते.

ताई घाबरली नाही. उलट तिला बरं वाटलं. बाबा आले! आता तार तुटेल, गज हातातून पडेल. आता बाबा हिला सगळ्यांसमोर विचारतील. तिने सवयीने पुन्हा तार छेडली आणि वाट बघत बसली.

काही झालं नाही. टकटकही थांबली.

पौर्णिमाने मास्तरांचीच ती जागा घेतली, रडणारी. सभागृह डोलायला लागलं. ताईचं डोकं तडकलं. तिने मुद्दाम हात काढून घेतला. वाजव म्हणावं बिना खांबाचं.

टक! टक!

या वेळी जोरात.

पौर्णिमाची मानही हलली नाही. तिला ऐकूच येत नव्हतं. सभागृहात कोणालाच येत नव्हतं.

मग हे कोणासाठी वाजत होतं?

 ताईने हात मांडीवर घट्ट दाबून धरला. नाहीच वाजवत, जा...

आणि तिचं मनगट कोणीतरी धरलं.

थंडगार पकड. अंगठा. तीन बोटं. आणि चौथ्या बोटाच्या जागी एक आखूड, गुळगुळीत थोट.

तो हात सावकाश वर गेला आणि तिचा हात त्याने तानपुऱ्यावर नेऊन ठेवला.

पुढचा पाऊण तास ताई रडत वाजवत होती. लोकांना वाटलं, सुरात हरवली.

शेवटचा सूर विरला. टाळ्या पडायच्या आधी जी एक शांतता असते ना, त्या शांततेत मागून आवाज आला...

"वाह, पोरी."

पौर्णिमा झर्रकन मागे वळली. डोळे भरलेले, चेहरा पांढराफटक. "गीता... आयकलं का वं तू? मास्तर बोलले ना?"

ताईने तिच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "मले काही आयकू नाही आलं."

बस, तेवढंच तिला परत घेता आलं. त्या दिवसापासून तिने पौर्णिमाची साथ सोडली. तानपुरा किरनापूरला आणून कोपऱ्यात उभा केला. मास्तरांचं जुनं व्हायोलिन पेटीत, पेटी कपाटावर.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात मी ताईकडे गेलो होतो. रविवार सकाळ. विमलामावशी अंगणात तांदूळ निवडत होती. ताईने चहा दिला. मी कप तोंडाला लावला आणि...

टक... टक...

कपाटावरून. पेटीतून.

माझा चहा अंगावर सांडला. ताई मात्र शांतपणे उठली. "आलं बुलावनं," म्हणाली. मोबाईल माझ्यापुढे धरला. पौर्णिमाचा भोपाळचा कार्यक्रम थेट दिसत होता. नुकताच सुरू झालेला. तिच्या मागे माणूस नव्हता, तानपुऱ्याची इलेक्ट्रॉनिक डबी होती. डबीतून आवाज येत नव्हता. पौर्णिमा गोंधळून इकडेतिकडे बघत होती.

"दरवेळी असंच होते, राजू. ते वाजवाले बसली का इथं टकटक. मी उठत नाही तवरी थांबत नाही."

ताईने कोपऱ्यातला तानपुरा घेतला. तार छेडली.

आणि मोबाईलमधून... भोपाळहून... तानपुरा ऐकू यायला लागला.

पौर्णिमाने दचकून मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग तिने गज उचलला.

मी खुर्चीला खिळून बसलो होतो. शेवटी सूर विरला आणि कपाटावरून, अगदी हळू...

"वाह, पोरी."

ताईने माझ्याकडे बघितलं. "आयकलं ना?"

"हौ, ताई."

"कोनाले म्हणलं असन त्यायनं?"

 मी मोबाईलकडे बघितलं. पौर्णिमा हसत डोळे पुसत होती. तिने माइक घेतला, कानाला हात लावला आणि नाव घेतलं. पुण्याचंच.

आम्ही दोघं पेटीकडे बघत राहिलो. आता तरी वाजेल. या खोटेपणावर एकदा तरी...

पेटी गप्प होती.

ताईने तानपुरा पुसला आणि परत कोपऱ्यात ठेवला. मग माझ्या शर्टावरचे चहाचे डाग बघून म्हणाली, "थांब, पानी आनतो." ती आत गेली. मी तिची वाट न बघता गाडी काढली.